विमानाच्या पंखावर

(नभोवाणीवरील भाषण)

दुसऱ्या महायुद्धाविषयीं बोलणें निघालें म्हणजे पुढाऱ्यांचीं आणि सेनापतींचीं नांवें प्रथम ओठांवर येतात. चर्चिल, आयसेनहॉवर, रोमेल, मॉन्टगोमेरी यांच्या चरित्रांचे मोठमोठे ग्रंथ आहेत आणि त्यांच्या डावपेंचांवर अद्याप वाद चालतात. आजच्या माझ्या भाषणाचा नायक मात्र सार्जंटच्या दर्जाचा एक साधा इसम आहे. त्याचें नांव नॉर्मन सिरिल जॅक्सन. ब्रिटिश विमानदळांतील एका बाँबफेक्या विमानावर तो यंत्रज्ञ होता. १९४४ सालच्या एप्रिल महिन्यांत, एका रात्रीं, सुमारें वीस हजार फूट उंचीवर त्यानें जें कृत्य केलें, त्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें. परंतु नुसती हकीकत सांगून थांबण्याचा माझा विचार नाहीं. त्या कृत्याच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचें उत्तर प्रत्येक विचारी माणसानें स्वतःशीं शोधण्यासारखें आहे.

प्रथम या लोकांचें काम काय होतें तें पाहूं. ब्रिटिश विमानदळाच्या ज्या शाखेकडे बाँबफेकीचें काम होतें तिला 'बाँबर कमांड' असें नांव होतें. १९३६ सालीं तिची स्थापना झाली. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्धास तोंड लागलें, तेव्हां दिवसाउजेडीं शत्रूवर चालून जाण्याचा प्रयत्न झाला. पण जर्मन लढाऊ विमानांनीं असे कांहीं तडाखे दिले कीं, अंधाराचा आश्रय घेण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. अंधारांत आपलें विमान शत्रूस दिसत नाहीं हें खरें. पण शत्रूचा कारखानाहि आपणांस दिसत नाहीं. १९४१ सालीं विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून या बाँबफेकीची तपासणी करण्यांत आली. लक्ष्यावर बाँब टाकून आलों असें सांगणाऱ्या विमानांपैकीं तिनांतलें एकच विमान लक्ष्याच्या पांच मैलांच्या आंत पोहोंचलें होतें, असें त्या तपासणींत आढळून आलें. १९४२ च्या फेब्रुवारींत धोरण बदललें. एकेक कारखाना हेरण्याऐवजीं सबंध औद्योगिक शहर हेंच लक्ष्य धरावें, असा हुकूम निघाला, आणि त्याच महिन्यांत आर्थर हॅरिस हा या दळाचा प्रमुख झाला. या धोरणाचा विचार मला पुढें करावयाचा आहे. तूर्त तो बाजूस ठेवूं.

या कामीं जें विमान सर्वांत नांवाजलें तें लँकॅस्टर. त्याला चार एंजिनें असत, आणि एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत त्याची रुंदी १०२ फूट भरे. एवढ्या मोठ्या विमानांत माणसांसाठीं मात्र जागा अगदीं बेताची. सात माणसें आंत कशीबशीं कोंबून बसत. नाकाशीं बाँब टाकणारा असे. लक्ष्य जवळ आलें म्हणजे तो पालथा पडून खालीं नजर लावी. त्याच्या मागें उंचावर चालक आणि चालकाच्या उजव्या हातास यंत्रज्ञ. पडद्याआड लहानशा दिव्याच्या उजेडांत नकाशावर रेघा ओढीत मार्गदर्शक बसे. त्यामागें बिनतारी संदेश घेणारा. विमानाच्या पाठीवर कांचेच्या घुमटांत एक तोपची, आणि अगदीं शेंपटाशीं, साऱ्यांपासून दूर, दुसरा तोपची. हा शेंपटाकडचा मनुष्य मागें तोंड करून सात-आठ तास एकटा बसून राही. त्याच्या घुमटांत थंडी इतकी भयंकर असे कीं, विजेनें ऊब देणारे कपडे घालूनहि हातपाय बधिर होत. हवाई छत्री जवळ ठेवण्याइतकी जागाहि तेथें नसे. ती मागच्या बोळांत टांगलेली असे.

यंत्रज्ञाचें काम तर संसारी माणसासारखें. कोणत्या टांकींत पेट्रोल किती उरलें, कोणत्या एंजिनाचा पारा चढला, तेलाचा दाब कोठें उतरला, याचा हिशेब त्यानें घटकाघटकेस मांडावयाचा. लँकॅस्टरवर दुसरा चालक नसे. म्हणून उड्डाणाच्या वेळीं चालकास हात देण्याचें कामहि त्याच्याकडेच असे. तो शत्रूवर गोळी झाडीत नसे. विमान हवेंत टिकविणें, एवढेंच त्याचें युद्ध.

हीं सात माणसें एकत्र येत त्याची रीतहि मोठी मौजेची होती. लष्करांत सारें हुकमानें चालतें असा आपला समज असतो. येथें मात्र निरनिराळें शिक्षण पुरें केलेल्या तरुणांना एका मोठ्या दालनांत सोडून देत आणि आपापले सोबती आपणच निवडा म्हणून सांगत. शाळेच्या मैदानावर मुलें जसे आपले आपण गट पाडतात, तसें हें चाले. कोणाचा चेहरा आवडला, कोणी हंसून विडी पुढें केली, एवढ्यावरून जन्ममरणाचे सोबती ठरत. यंत्रज्ञ आणि दुसरा तोपची मागाहून, चार एंजिनांच्या विमानाचें शिक्षण सुरू झालें म्हणजे येऊन मिळत. चालक साधा सार्जंट असला आणि मार्गदर्शक वरच्या दर्जाचा अधिकारी असला, तरी विमानांत चालकाचाच शब्द अखेरचा. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या देशांतील तरुण एका विमानांत एकत्र येत, आणि थोड्याच दिवसांत सख्ख्या भावांसारखे वागूं लागत.

हे सारे स्वेच्छेनें आलेले होते. विमानांतून लढण्याची सक्ती कोणावरहि नव्हती. तीस मोहिमा झाल्या म्हणजे एक फेरी पुरी होई, मग कांहीं महिने विश्रांति आणि नंतर वीस मोहिमांची दुसरी फेरी, असा नियम होता. तीस हा आंकडा ऐकावयास लहान वाटतो. परंतु शंभर विमानांपैकीं चार-पांच विमानें दर रात्रीं परत यावयाचीं नाहींत असें धरलें, तर तीस रात्री पार पाडणाराची आशा किती उरते, याचा हिशेब वरच्या वर्गांतील मुलगाहि करील. साऱ्या युद्धांत सुमारें १,२५,००० माणसांनीं या दळांत विमानांवर काम केलें. त्यांपैकीं ५५,५७३ मरण पावलीं. म्हणजे शंभरांतील चव्वेचाळीस. मेलेल्यांचें सरासरी वय बावीस-तेवीसच्या घरांत होतें. यांतील आठ हजारांहून अधिक तर शत्रूचें तोंडहि न पाहतां शिक्षणांत आणि अपघातांत गेले.

मोहिमेचा दिवस कसा जाई, हें त्या लोकांनीं मागाहून लिहून ठेवलें आहे. सकाळीं यादी लागे. दुपारीं सगळे एका दालनांत जमत; भिंतीवरच्या नकाशावरचा पडदा दूर होई, आणि लाल फीत कोणत्या गांवापर्यंत ताणली आहे इकडे शेंकडों डोळे लागत. बर्लिन दिसलें कीं सारे चिडीचूप. मग ज्या काळीं इंग्लंडांत अंड्याची चणचण होती त्या काळीं या लोकांना खास म्हणून अंडें आणि डुकराचें खारवलेलें मांस यांचें जेवण मिळे. खिशांतील पत्रें, तिकिटें, फोटो काढून ठेवावे लागत. पकडलें गेल्यास शत्रूस कांहीं सुगावा लागूं नये म्हणून. संध्याकाळीं विमानें एकामागून एक उडत, आणि पहांटे जमिनीवरचीं माणसें तीं मोजीत बसत. जेवणघरांत सकाळीं कांहीं खुर्च्या रिकाम्या दिसत. त्यांविषयीं कोणी फार बोलत नसे. दोन दिवसांत तेथें नवीं तोंडें येऊन बसत.

अशा ठिकाणीं भीति वाटत नसेल काय? वाटत असे, आणि ती साऱ्यांनाच वाटत असे. ज्याचें मन अजीबात मोडून जाई आणि जो यापुढें उडावयाचें नाहीं असें म्हणे, त्याच्या कागदावर 'नैतिक धैर्याचा अभाव' अशा अर्थाचा शिक्का मारण्यांत येई, आणि त्याचा दर्जा काढून घेण्यांत येई. पंचवीस मोहिमा पार पाडून सव्विसावीच्या वेळीं ज्याचे हात कांपूं लागले, त्याचीहि गणना त्याच यादींत व्हावयाची. आज वैद्यकशास्त्र या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीनें पाहतें. शौर्य ही कांहीं अक्षय्य थैली नव्हे. ती रोज खर्च होते, हें त्या काळच्या अधिकाऱ्यांना मान्य होण्याजोगें नव्हतें.

आतां जॅक्सनकडे वळूं. त्याचा जन्म ८ एप्रिल १९१९ रोजीं लंडनजवळच्या ईलिंग येथें झाला. तान्हेपणींच तो दत्तक गेला. मोठेपणीं तो यंत्रकाम शिकला आणि फिटर-टर्नर झाला. युद्ध सुरू होतांच तो विमानदळांत शिरला, तो एंजिनें दुरुस्त करणारा कारागीर म्हणून. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रीटाऊन येथें, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या पथकांत त्यानें काम केलें. तें काम उपयुक्त होतें, सन्मानाचें होतें, आणि मुख्य म्हणजे जमिनीवरचें होतें. तेथेंच राहिला असता तर कोणी त्यास बोल लावला नसता. परंतु त्यानें स्वतः अर्ज करून उडत्या यंत्रज्ञाचें शिक्षण घेतलें, आणि १९४३ च्या उन्हाळ्यांत तो १०६ क्रमांकाच्या पथकांत दाखल झाला. पुढें या पथकाचें ठाणें लिंकनशायर परगण्यांतील मेथरिंगहॅम येथें पडलें. त्याच्या विमानाचा चालक फ्रेड मिफ्लिन हा न्यूफाउंडलंडचा रहिवासी होता.

१९४४ च्या एप्रिल अखेर जॅक्सनच्या तीस मोहिमा भरल्या. नियमाप्रमाणें तो मोकळा झाला. परंतु त्यांतील एक मोहीम त्यानें दुसऱ्याच एका विमानावर, आयत्या वेळीं जागा भरून काढण्यासाठीं, केलेली होती. त्यामुळें त्याच्या सोबत्यांची अजून एक मोहीम बाकी राहिली होती. आपण सुटलों आणि सोबती मात्र परक्या यंत्रज्ञाबरोबर अखेरच्या मोहिमेवर जाणार, हें त्यास रुचेना. एकतिसाव्या वेळीं तो आपण होऊन निघाला. त्याच सुमारास त्याला मुलगा झाल्याची वार्ताहि आली होती. घरीं परत जाण्यास यापेक्षां बळकट कारण तें कोणतें असावें? पण तो गेला नाहीं.

त्या रात्रीचें, म्हणजे २६ एप्रिलच्या रात्रीचें, लक्ष्य होतें श्वाइनफुर्ट. या जर्मन शहरांत बॉल बेअरिंगचे मोठे कारखाने होते. रणगाडा असो, विमान असो वा तोफ असो, या लहानशा पोलादी गोळ्यांवांचून कोणतेंहि चाक सुरळीत फिरत नाहीं. म्हणून दोस्तांचा डोळा या शहरावर होता. आदल्या वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं अमेरिकन विमानें भर दिवसा तेथें गेलीं, तेव्हां साठ विमानें गमावून तीं परत आलीं होतीं. आतां ब्रिटिशांचीं दोनशेंहून अधिक लँकॅस्टर विमानें रात्रीं निघालीं. समोरून अपेक्षेबाहेर जोराचा वारा सुटला आणि विमानांना उशीर झाला. लक्ष्यावर खुणेचे दिवे टाकणारांचा नेमहि चुकला. जर्मन लढाऊ विमानें तर वाटेवर टपून बसलेलीं. पुष्कळसे बाँब शहराबाहेर पडले, आणि एकवीस लँकॅस्टर परत आलीं नाहींत. थोडक्यांत, ती स्वारी फसली.

मिफ्लिनचें विमान बाँब टाकून वर चढत असतांना एका जर्मन विमानानें त्यास गांठलें. चालकानें हुलकावण्या दिल्या, तरी गोळे लागलेच. उजव्या पंखाच्या वरच्या अंगास, धड आणि आंतलें एंजिन यांच्या मध्यें, पेट्रोलच्या टांकीशेजारीं आग लागली. जॅक्सन फेंकला जाऊन खालीं आपटला. गोळ्याच्या कपच्या त्याच्या उजव्या पायांत आणि खांद्यांत घुसल्या. तो उठला, आणि पंखावरची आग आपण विझवूं शकूं असें म्हणून त्यानें चालकाची परवानगी मागितली. ती मिळतांच आग विझविण्याचें हातयंत्र त्यानें छातीवरच्या जाकिटांत खुपसलें, हवाई छत्रीची पिशवी अडकविली, चालकाच्या डोक्यावरचें झांकण उडवून दिलें, आणि तो बाहेर निघाला.

श्रोतेहो, क्षणभर कल्पना करा. विमान ताशीं दोनशें मैल वेगानें चाललेलें. वीस हजार फूट उंची. थंडी अशी कीं उघडें बोट धातूस चिकटावें. खालीं शत्रूचा मुलूख, वर काळें आकाश, आणि शेजारीं जळतें पेट्रोल. वाऱ्याच्या त्या झोतांत नुसतें डोकें वर काढणें कठीण. हा तर विमानाच्या गुळगुळीत पाठीवरून सरपटत मागें पंखाकडे निघाला.

तो बाहेर पुरता निघाला नाहीं तोंच दुर्दैव आडवें आलें. हवाई छत्री आपोआप उघडली, आणि तिचें सारें कापड व दोऱ्या चालकाच्या खोलींत पसरल्या. कोणीहि शहाणा मनुष्य येथें माघारा फिरला असता. कारण छत्री फाटली वा जळली म्हणजे खालीं उतरण्याचा एकुलता एक मार्ग बंद. जॅक्सन थांबला नाहीं. आंत चालक, बाँब टाकणारा आणि मार्गदर्शक या तिघांनीं तें कापड गोळा केलें, दोऱ्या हातांत घट्ट धरल्या, आणि तो जसजसा पुढें सरके तसतशा त्या ढिल्या सोडल्या. विहिरींत उतरलेल्या माणसाचा दोर जसे वरचे लोक जपून सोडतात, तसें हें काम त्या जळत्या विमानांत चाललें होतें.

अखेर त्याचा पाय निसटला. विमानाच्या पाठीवरून तो पंखावर पडला, आणि पंखाच्या पुढच्या कडेस हवा आंत घेण्याचें जें भोंक असतें त्याच्या कांठास त्यानें पकड घातली. पकड टिकली, पण आग विझविण्याचें यंत्र वाऱ्यानें उडून गेलें. आतां आग पसरत पसरत त्याच्यापर्यंत आली. तोंड, हात, कपडे भाजून निघाले. पकड सुटली. ज्वाळांतून फरफटत तो पंखाच्या मागच्या कडेवरून खालीं फेंकला गेला, आणि त्याच्यामागोमाग ती छत्री. सोबत्यांनीं शेवटचें पाहिलें तेव्हां छत्री अर्धवट फुगली होती आणि ठिकठिकाणीं जळत होती.

आग आटोक्यांत येत नाहीं हें पाहून चालकानें विमान सोडण्याचा हुकूम दिला. चौघे सुखरूप खालीं उतरले. चालक मिफ्लिन आणि शेंपटाकडचा तोपची हे दोघे मात्र वांचले नाहींत.

जॅक्सन वांचला. जळक्या छत्रीनें त्यास कसेंबसें जमिनीवर आणून आदळलें. घोटा मोडला होता, उजवा डोळा भाजून मिटला होता, हात निकामी झाले होते. उजाडल्यावर तो कोपरांवर आणि गुडघ्यांवर सरपटत जवळच्या खेड्यांत गेला, आणि तेथें कैद झाला. दहा महिने तो रुग्णालयांत होता. तेथून कैद्यांच्या छावणींत गेला. युद्धाच्या अखेरीस त्यानें तेथून दोनदां पळण्याचा यत्न केला, आणि दुसऱ्या वेळीं तो अमेरिकन सैन्यास जाऊन मिळाला. सोबती सुटून मायदेशीं आले, आणि त्या रात्रीं काय घडलें तें त्यांच्या तोंडून जगास कळलें. स्वतः जॅक्सनचें म्हणणें एवढेंच होतें कीं, विमानास संकटांतून सोडविणें हें यंत्रज्ञाचें कामच होय. २६ ऑक्टोबर १९४५ च्या राजपत्रांत त्यास व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

तें पदक घेण्यास तो राजवाड्यांत गेला तेव्हां त्याच्याबरोबर लेनर्ड चेशायर हा नामांकित वैमानिक होता. चेशायरचा दर्जा जॅक्सनहून कितीतरी वरचा, आणि त्याच्या मोहिमा शंभर. त्यानें राजास सांगितलें कीं, या मनुष्यानें माझ्याहून अधिक धोका पत्करला आहे, तरी याचें पदक आधीं द्यावें. रिवाजापुढें राजाचाहि इलाज चालला नाहीं. परंतु चेशायरचे ते शब्द जॅक्सन कधीं विसरला नाहीं.

मी जन्मभर शाळामास्तरकी केली. वर्गांत ही हकीकत सांगितली म्हणजे मागच्या बांकावरून एक प्रश्न हमखास येई: "गुरुजी, मग आग विझली का?" आग विझली नाहीं. विमानहि वांचलें नाहीं. शहरावरची ती स्वारीच मुळीं फसलेली. मग पदक कशाचें? मुलें परीक्षेच्या निकालास सरावलेलीं. निकाल नापास आणि बक्षीस पहिलें, हा हिशेब त्यांना जुळत नसे.

या प्रश्नाचें उत्तर त्या राजपत्रांतच आहे. त्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, आग विझविण्यांत यश आलें असतें, तरी जॅक्सन परत आंत येऊं शकला असता अशी आशा जवळजवळ नव्हती. म्हणजे यश आणि अपयश या दोन्ही वाटा त्याच्यापुरत्या मृत्यूकडेच जात होत्या. फरक पडणार होता तो आंतल्या सहा जणांना. हें जाणून तो बाहेर पडला. आपल्याकडे अभिमन्यूची कथा लहान मुलासहि ठाऊक असते. व्यूहांतून बाहेर पडण्याची वाट ठाऊक नसतां तो आंत शिरला. त्यास कोणी पराभूत म्हणून ओळखीत नाहीं. फळावर हक्क न सांगतां कर्म करावें हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु ज्यानें तो उपदेश कधीं ऐकलाहि नसेल अशा एका फिटरनें तो पंखावर चढून आचरून दाखविला.

परंतु श्रोतेहो, येथेंच थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या विमानाच्या पंखावर हें शौर्य घडलें, त्या विमानाच्या पोटांत बाँब होते, आणि ते बाँब माणसांवर पडत होते. १९४३ च्या जुलै अखेरीस हॅम्बुर्ग शहरावर एकामागून एक स्वाऱ्या झाल्या. २७ जुलैच्या रात्रीं आगींचें वादळ होऊन सुमारें चाळीस हजारांपर्यंत माणसें मेलीं, आणि त्यांत बायका, मुलें, म्हातारे असंख्य होते. १९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेन जळलें. इतिहासकारांच्या एका समितीनें २०१० सालीं तेथील मृतांचा आंकडा पंचवीस हजारांपर्यंत ठरविला. वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री यांवर प्रथम जर्मनीनेंच आग ओतली होती हें खरें. १९४० च्या सप्टेंबरापासून १९४१ च्या मेपर्यंत जर्मन बाँबांनीं ब्रिटनमध्यें चाळीस हजारांहून अधिक नागरिक मारले हेंहि खरें. तरी एका आईच्या मेलेल्या मुलानें दुसऱ्या आईच्या मेलेल्या मुलाची भरपाई होत नाहीं.

हीच अडचण युद्ध संपल्यावर ब्रिटिशांच्या मनासहि जाणवली. या दळास स्वतंत्र मोहीमपदक मिळालें नाहीं. ज्यांनीं हुकूम दिले होते त्यांतील कित्येकांना त्या हुकुमांची आठवण नकोशी झाली, आणि तो संकोच हुकूम पाळणाऱ्या पोरांच्या वांट्यास आला. अखेर २०१२ च्या जूनमध्यें लंडनच्या ग्रीन पार्कमध्यें त्यांचें स्मारक उभें राहिलें. त्यांत एका विमानावरच्या सात जणांचे ब्राँझचे पुतळे आहेत. मोहिमेवरून नुकतेच उतरल्यासारखे, थकलेले. पुढच्या वर्षीं, म्हणजे २०१३ सालीं, हयात असलेल्यांना पदकाच्या फितीवर लावण्याची एक लहानशी पट्टी मिळाली. सत्तर वर्षांनीं! जॅक्सन मात्र त्यापूर्वींच, १९९४ सालीं, निवर्तला होता. युद्धानंतर त्यानें फिरत्या विक्रेत्याचा धंदा केला, सात मुलांचा संसार केला, आणि भाजलेल्या हातांनींच केला.

त्या स्मारकावरील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९३९ ते १९४५ या काळांत बाँबफेकींत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचेंहि स्मरण तेथें कोरलेलें आहे. विमानांतले आणि विमानाखालचे, असे दोघेहि एकाच दगडांत आले. तसें पाहतां जमाखर्चाच्या वहीचीं हीं दोन पानें आहेत. एका पानावर पंचावन्न हजार तरुणांचें शौर्य आहे. दुसऱ्या पानावर जळलेलीं शहरें आहेत. एक पान दाखवून दुसरें झांकणारा मनुष्य हिशेब देत नाहीं, हिशेब चुकवितो. शहरें जाळण्याचें धोरण योग्य होतें कीं अयोग्य, याचा निवाडा ज्यांनीं तें धोरण आंखलें त्यांच्याविषयीं करावा, आणि तो खुशाल कठोरपणें करावा. पण सोबत्यांची अखेरची मोहीम एकट्यानें पार पडूं नये म्हणून जो मोकळा झालेला मनुष्य पुन्हां विमानांत चढला, त्याच्या मनाचें मोल त्या निवाड्यानें कमी होत नाहीं. आणि त्याच्या शौर्यानें हॅम्बुर्गचीं मुलेंहि परत येत नाहींत. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या मानण्याइतकें मन मोठें असावें, एवढेंच इतिहास आपणांकडे मागतो.

जातां जातां त्या तीन सोबत्यांचीहि आठवण ठेवूं या. पदकाच्या मजकुरांत त्यांच्या वांट्यास एकच वाक्य आलें आहे. विमान जळत होतें, उड्या टाकण्याची वेळ हातची जात होती, आणि तरीहि बाहेर सरपटणाऱ्या एका माणसाच्या दोऱ्या त्यांनीं सोडल्या नाहींत. त्या तिघांतील एक मिफ्लिन. विमान सांवरून धरावयाचें आणि बाकीचे निघेपर्यंत जागेवर बसावयाचें, हा चालकाचा धर्म. तो त्या विमानांतून जिवंत उतरला नाहीं. पंखावर जाण्याचें धैर्य लाखांत एखाद्यास लाभतें; पण जो पंखावर गेला आहे त्याची दोरी धरून ठेवण्याची पाळी मात्र आपणां सर्वांवर केव्हांना केव्हां येते.